परिचर्या : रुग्णशय्येपाशी घडणारे शिक्षण

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लोणंद येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा झालेल्या कार्याचे स्मरण आणि पुढील कार्याचे चिंतन असे दोन्ही योग एकत्र येतात. मंदिर, पाठशाळा, धर्मशाळा, औषधोपचारास साहाय्य आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती ही जैन न्यासांच्या कार्याची परंपरागत अंगे आहेत. शिष्यवृत्ती मागणाऱ्यांत आता नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या मुली असतात, मुलेही असतात. त्यांच्या अर्जावर विचार करताना महाविद्यालयाची फी किती, वसतिगृहाचा खर्च किती, गुण किती, हे विचारले जाते. परंतु ही मुलगी ज्या दिवशी प्रथम रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहील, त्या दिवशी तिच्या शेजारी कोण उभे असेल, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः तिचे शिक्षण खरे होणार की केवळ कागदावर राहणार, हे त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे रुग्णालयातील प्रशिक्षण आणि त्यांच्याकडून बाळगावयाच्या अपेक्षा, हा विषय दात्यांनी आणि पालकांनीही समजून घेण्यासारखा आहे.

या भूमीचा वारसा

परिचर्येचा विचार करताना लोणंदकरांना फार दूर जाण्याचे कारण नाही. याच खंडाळा तालुक्यातील नायगाव ही सावित्रीबाई फुले यांची जन्मभूमी. ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. स्त्रीशिक्षणाच्या आद्य प्रवर्तक म्हणून त्या सर्वश्रुत आहेत. परंतु त्यांच्या जीवनाचा अंत रुग्णसेवेत झाला, याचे स्मरण तुलनेने कमी केले जाते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात त्यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रोग्यांची सेवा केली. त्याच सेवेत त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. अक्षरदान आणि रुग्णसेवा ही दोन्ही कार्ये एकाच जीवनात कशी नांदू शकतात, याचे उदाहरण या तालुक्याच्या मातीने दिले आहे.

लोणंदहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे ज्या मिरजेला पोहोचते, त्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले आणि एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच तेथे परिचारिकांच्या शिक्षणाला आरंभ झाला. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचे कार्य सुरू झाले. ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास सुशील घरांतील मुली आणि विधवा स्त्रिया पाठवण्याचा उपक्रम त्या संस्थेने हाती घेतला. परपुरुषाला स्पर्श, परजातीच्या रोग्याचे मलमूत्र, रात्रीची ड्युटी, असे अनेक आक्षेप त्या काळी घेतले गेले. आज आक्षेपांची भाषा बदलली आहे. तथापि 'मुलगी शिकून शेवटी बेडपॅनच उचलणार ना?' हा प्रश्न विवाहाच्या बोलणीत अद्याप ऐकू येतो. ज्या समाजाला वृद्धापकाळी परिचारिका हवी असते, त्याच समाजाला सून म्हणून परिचारिका नको असते, ही विसंगती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

ग्लान आणि शैक्ष

या विसंगतीचे उत्तर जैन विचारात स्पष्टपणे सापडते. तत्त्वार्थसूत्रात आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, ध्यान यांच्याच पंक्तीत वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, बसवलेली आहे. सेवा हे तप आहे, आणि तेही अंतरंग तप आहे, असा हा निर्णय आहे. वैयावृत्त्यास पात्र असे जे दहा सांगितले, त्यांत आचार्य, उपाध्याय आणि तपस्वी यांच्या पाठोपाठ 'शैक्ष' आणि 'ग्लान' यांचा निर्देश येतो. ग्लान म्हणजे रोगाने क्लांत झालेला. शैक्ष म्हणजे शिकणारा, नवदीक्षित. मूळ संदर्भ मुनिसंघाचा आहे हे खरे. परंतु रुग्णाबरोबरच शिकणाऱ्यालाही सेवेचा आणि आधाराचा अधिकारी मानणारी ही दृष्टी परिचर्या-शिक्षणाला तंतोतंत लागू पडते. रुग्णालयाच्या वॉर्डात हे दोघे समोरासमोर येतात. एकाच्या हितासाठी दुसऱ्याचा बळी देणे, हे दोन्ही बाजूंनी अनिष्ट आहे. विद्यार्थिनीच्या सरावासाठी रुग्णाला वारंवार सुई टोचून घ्यावी लागू नये. आणि रुग्णसेवेतील मनुष्यबळाची उणीव भरून काढण्यासाठी विद्यार्थिनीचे शिक्षण खर्ची पडू नये.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी निर्विचिकित्सा हे अंगही येथे आठवते. रोगी मुनीने केलेली वांती स्वतःच्या अंगावर आली असतानाही मनात किळस न आणता त्यांची सेवा करणाऱ्या उद्दायन राजाची कथा श्रावकांच्या घराघरांत सांगितली जाते. राजाने जे केले ते पुण्यकर्म आणि परिचारिकेने नित्य केले ते हलके काम, असे मानणाऱ्याने ती कथा कानांनी ऐकली, पण मनाने ऐकली नाही, असेच म्हणावे लागेल.

प्रशिक्षणाची पायरी

नर्सिंगचे अभ्यासक्रम मुख्यतः तीन. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. १९४७ च्या कायद्यान्वये भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली आणि देशभरातील अभ्यासक्रमांना किमान दर्जाची चौकट मिळाली. २०२१ पासून बी.एस्सी. साठी सत्रपद्धती आली, आणि कौशल्य प्रयोगशाळेतील सरावाला अभ्यासक्रमात निश्चित स्थान मिळाले. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिसाहाय्य आयोगाचा नवा कायदा संमत केला. कायदे आणि चौकटी बदलतात, परंतु शिक्षणाचा क्रम मात्र तोच राहतो : प्रथम वर्गात समजून घेणे, मग पुतळ्यावर हात बसवणे, मग ट्युटरच्या देखरेखीखाली रुग्णावर प्रत्यक्ष करणे, आणि शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर करणे. यातील तिसरी पायरी सर्वांत मोलाची, आणि दुर्दैवाने तीच सर्वाधिक वगळली जाणारी.

असे का होते? लॉगबुकात ठरावीक प्रोसिजर भरलेल्या असाव्या लागतात. इतकी इंजेक्शने, इतकी ड्रेसिंग, इतक्या प्रसूती, असा हिशोब असतो. संख्या हा मोजण्यास सोपा निकष आहे. कौशल्य मोजण्यास कठीण आहे. वॉर्डात रुग्ण थोडे आणि विद्यार्थिनी फार झाल्या, की पाहिलेली प्रोसिजर केलेली म्हणून लिहिली जाते, आणि सही होते. सही करणाऱ्याला वाटते, परीक्षेपुरते चालेल. परंतु लॉगबुक परीक्षकासाठी नसते, ते भावी रुग्णासाठी असते. त्यातील खोटी ओळ काही वर्षांनी एखाद्या खाटेवर खरी होऊन उभी राहते.

एक साधे उदाहरण घेता येईल. श्वसनाचा वेग मोजणे हे पहिल्या वर्षाचे काम. त्यासाठी यंत्र लागत नाही, सेकंदकाट्याचे घड्याळ पुरते. नाडी मोजून झाल्यावर मनगट तसेच हाती धरून ठेवावयाचे आणि रुग्णाच्या लक्षात येऊ न देता पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीची हालचाल मोजावयाची. कारण मोजले जात आहे हे कळले की मनुष्याचा श्वास बदलतो. किती सूक्ष्म मानवी निरीक्षण या नियमामागे आहे! आणि तरीही अनेक वॉर्डांतील चार्ट पाहिले, तर सगळ्याच रुग्णांचा श्वास मिनिटाला १८ किंवा २० लिहिलेला आढळतो. न्यूमोनियाच्या रुग्णाचा श्वास ताप वा रक्तदाबाआधीच धोक्याची सूचना देत असतो. तो न मोजता लिहिला गेला, तर ती सूचना कोणाच्याही कानी पडत नाही. येथे अज्ञान नसते. घाई असते, आणि 'हे कोण तपासणार?' ही वृत्ती असते. सत्यव्रत केवळ जिभेने पाळावयाचे नसते, लेखणीनेही पाळावयाचे असते.

अपेक्षा कोणत्या बाळगाव्यात

विद्यार्थिनीकडून काय अपेक्षित आहे, हे तिला पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-विदुषीने १९८४ साली नवशिकी ते तज्ज्ञ असे परिचारिकेच्या विकासाचे पाच टप्पे मांडले. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, पहिल्या वर्षाच्या मुलीकडून वीस वर्षे सेवा केलेल्या सिस्टरच्या अंदाजाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. नवशिकीने नियम पाळावेत, विचारावे आणि खरे लिहावे. एवढे पुरेसे आहे, आणि एवढ्याला पर्याय नाही. परीक्षेची पद्धतही त्यानुसार बदलत आली. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अशी परीक्षा मांडली, की जिच्यात प्रत्येकाने ठरावीक वेळात त्याच कृती त्याच निकषांवर करून दाखवावयाच्या असतात. 'ऑस्की' या नावाने ती आता नर्सिंगमध्येही रूढ आहे. परीक्षकाची मर्जी वा नापसंती यांपेक्षा कृतीचा क्रम येथे महत्त्वाचा ठरतो, ही तिची मोठी देणगी होय.

औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम विद्यार्थिनीच्या अंगवळणी पडले पाहिजेत. येथे जैन मुनींच्या पाच समितींची आठवण होते. चालण्यात, बोलण्यात, आहार घेण्यात, वस्तू उचलण्या-ठेवण्यात आणि मलमूत्रादींच्या विसर्जनात जीवहिंसा घडू नये म्हणून बाळगावयाची सावधानता म्हणजे समिती. उचलणे-ठेवणे आणि विसर्जन ही दोन अतिसामान्य कामे धर्माने व्रताच्या पदवीला नेली. वॉर्डातील शिस्तही अशाच कामांची बनलेली आहे. वापरलेली सुई पुन्हा टोपणात न घालता छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकणे. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत आणि काच निळ्या डब्यात टाकणे, हा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचा भाग आहे. ती सुई चुकीच्या पिशवीत गेली, तर पहाटे कचरा उचलणाऱ्या कामगाराच्या हाताला टोचते. ज्याला विद्यार्थिनीने कधी पाहिलेलेही नाही, त्याच्याविषयीची ही अहिंसा आहे.

हात धुण्याचा नियमही तसाच. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांना असे आढळले, की वैद्यकीय विद्यार्थी जेथे शिकत, त्या विभागात बाळंतिणींचे मृत्यू सुईणी शिकत असलेल्या विभागापेक्षा पुष्कळ अधिक होते. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येत. क्लोरिनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती होताच मृत्यू झपाट्याने घटले. शिकणाऱ्यांचे हात त्यांच्या नकळत मृत्यूचे वाहक बनले होते. हेतू शुद्ध असणे पुरेसे नाही, हातही शुद्ध असावे लागतात, हा धडा प्रत्येक तुकडीला नव्याने द्यावा लागतो.

मुंबईतील एक व्रत

परिचर्येची परमावधी कशाला म्हणावे, याचे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधी उठू शकल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर जवळजवळ बेचाळीस वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. ज्या मुली १९७३ साली जन्मल्याही नव्हत्या, त्या पुढे तेथे परिचारिका म्हणून आल्या आणि ही सेवा त्यांनी वारसा म्हणून स्वीकारली. इतक्या दीर्घ काळ अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला शय्याव्रण होऊ दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात या शुश्रूषेचा गौरव केला. शय्याव्रण टाळण्यास दुर्मीळ औषध लागत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, चादरीला सुरकुती पडू न देणे आणि पोटात पुरेसे अन्न जाणे, एवढेच लागते. मात्र ते रात्रीच्या दोन वाजताही लागते आणि चारलाही लागते. विद्यार्थिनीला हलके वाटणारे हे काम शास्त्राच्या दृष्टीने किती थोर आहे, हे यावरून उमगावे.

परंतु याच घटनेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. रुग्णांची सेवा करणारी एक तरुणी तिच्या कामाच्या जागी सुरक्षित नव्हती. विद्यार्थिनीकडून अपेक्षा करताना तिला काय दिले जाते, याचाही हिशोब झाला पाहिजे. कपडे बदलण्यास सुरक्षित खोली, रात्रपाळीस जाण्यायेण्याची सोय, वॉर्डात पाठवण्यापूर्वी हिपॅटायटिस-बी लसीच्या मात्रा, सुई टोचल्यास विनाविलंब उपचार, आणि जवळ उभी असलेली शिक्षिका, या सवलती नव्हेत. हा शिक्षणाचाच भाग होय.

चूक आणि प्रायश्चित्त

शिकणाऱ्याच्या हातून चूक होणारच. प्रश्न हा की, चूक झाल्यावर ती सांगितली जाते की लपवली जाते. जेथे सर्वांसमक्ष अपमान होतो, गुण कापले जातात, घरी पत्र जाते, तेथे विद्यार्थिनी लवकरच गप्प राहण्यास शिकते. चुकीची मात्रा गेल्याचे तिने पाच मिनिटांत सांगितले, तर बहुधा उपाय करता येतो. भीतीने ती दोन तास गप्प राहिली, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून कठोरता आणि निर्दयता यांत भेद केला पाहिजे. निष्काळजीपणाला क्षमा नसावी. निवेदनाला शिक्षा नसावी. जैन आचारात आलोचनेचे, म्हणजे गुरूंसमोर आपला दोष जसाच्या तसा मांडण्याचे, जे स्थान आहे, ते याच कारणासाठी. दोष सांगितल्यावाचून प्रायश्चित्त नाही, आणि ज्याच्यासमोर सांगावयाचे तो गुरू विश्वासार्ह असल्यावाचून आलोचना नाही. प्रतिक्रमण वर्षातून एकदा करण्यापेक्षा नित्य करणे श्रेयस्कर मानले जाते. पाळी संपताना वॉर्डात दहा मिनिटे बसून आज काय चुकले, काय चुकता चुकता राहिले, याची मोकळी चर्चा होणे, हे परिचर्येचे नित्य प्रतिक्रमण ठरेल.

श्रम शिक्षणासाठी

सातारा जिल्ह्यात श्रम आणि शिक्षण यांचे नाते नव्याने सांगण्याची गरज नाही. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, पुढे ती साताऱ्यास आणली आणि 'कमवा आणि शिका' या योजनेने गरिबांच्या मुलांना स्वाभिमानाने शिकवले. त्या योजनेत मुलाचा श्रम त्याच्याच शिक्षणासाठी होता. परिचर्येच्या शिक्षणात मात्र कधी कधी हे नाते उलटे होते. वॉर्डात सिस्टर कमी असतात, म्हणून विद्यार्थिनींची पाळी लावली जाते. शिकवण्यास कोणी नसते, पण काम करून घेण्यास सर्व असतात. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत देशभर शिकणाऱ्यांचीही मदत घ्यावी लागली. त्यांनी ती धैर्याने केली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु आपत्तीतील अपवाद हा शांतकाळातील नियम होऊ नये.

न्यासाने काय करावे

सुवर्णमहोत्सवी वर्षात या न्यासाला काही संकल्प करता येतील. पहिला असा की, नर्सिंगसाठी शिष्यवृत्ती देताना फीबरोबरच गणवेश, सेकंदकाट्याचे घड्याळ, बसभाडे आणि लसीकरण यांचाही विचार व्हावा. दुसरा असा की, ज्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला साहाय्य करावयाचे, त्यास विनयपूर्वक पण निश्चित विचारावे : प्रशिक्षणाचे रुग्णालय कोणते, तेथे भरती रुग्ण किती, आणि वॉर्डात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षक असतात काय? दात्याने विचारलेला प्रश्न संस्थेला टाळता येत नाही. तिसरा असा की, ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरास्नान करून दरवर्षी लोणंदला मुक्कामास येते, तेव्हा शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांचे पथक वारकऱ्यांच्या सेवेत उभे राहावे. पायांचे फोड, जुलाब, निर्जलीकरण, वृद्धांचा रक्तदाब, पिण्याच्या पाण्याची शुद्धता, असे लोकारोग्याचे पाठ याहून चांगले कोठे मिळणार? चौथा संकल्प खर्चाचा नाही. समाजाच्या सत्कारसमारंभात डॉक्टर आणि इंजिनिअर झालेल्या मुलांबरोबर परिचारिका झालेल्या मुलीलाही त्याच मंचावर, त्याच मानाने बोलवावे, आणि पुढे तिच्या विवाहाची बोलणी निघाली तर तो मान कायम ठेवावा.

ग्लान आणि शैक्ष या दोघांनाही ज्या परंपरेने सेवेचे अधिकारी मानले, त्या परंपरेतील न्यासाकडून ही अपेक्षा अवाजवी नाही. रुग्णाला निष्णात हात मिळावेत आणि त्या हातांना शिकताना आधार मिळावा, यासाठी न्यासाची पुढील पन्नास वर्षे सार्थकी लागोत.